रोलरचा मधला गिअर

गेल्या विजयादशमीला सकाळी, म्हैसूरजवळच्या वरुणा गावाबाहेर कालव्याच्या काठावरच्या एका पत्र्याच्या शेडमधून जुना डिझेल रोड रोलर स्वतःच्या इंजिनावर बाहेर आला आणि बांधावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेला. त्यात जो गिअर होता तो मापात कमी होता, बसतच नव्हता. दोनच दिवस आधी हे तीन माणसांनी पाहिलं होतं. त्यातला एक मी.

माझी सारी नोकरी म्हैसूरच्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी, विहिरीतून आवाज... असल्या बातम्या दर महिन्याला यायच्या. पुष्टी नाही म्हणून मी त्या कापायचो. माझं मत आजही तेच आहे. जे पाहिलं ते क्रमाने लिहितो.

रोलर माझ्या थोरल्या भावाचा. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो रस्ते खात्यात फिटर होता. खात्याने भंगारात काढलेला रोलर त्याने रिटायर झाल्यावर घेतला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, पार्ट कुठेच नाहीत. सहा वर्षं अण्णा म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या घरातून बसने वरुण्याच्या त्या शेडमध्ये जात राहिला. वॉशर चामड्याचे कापले, नोझल कोइमतूरच्या भंगारबाजारातून आणलं, पिस्टनच्या रिंगा दुसऱ्याच कुठल्या इंजिनाच्या घासून बसवल्या. इंजिन चालू झालं. उरला मधला गिअर — इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा, परातीएवढा, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्याचे काही दात तुटलेले होते. तोवर अण्णा थकला होता. आम्ही सगळेच थकलो होतो, खरं तर.

त्या वर्षी शेडची जमीन लेआउटसाठी, म्हणजे प्लॉट पाडायला, विकली गेली. नव्या मालकाने दसऱ्यापर्यंत मुदत दिली. बांध अरुंद, त्यावर क्रेन येत नाही. ट्रॅक्टर लावून ओढून पाहिलं, तर ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरून माती उकरायला लागली. रोलर स्वतः चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेला तर ट्रेलरवर चढवता येणार होता. नाहीतर दसरा संपला की गॅस कटरने शेडमध्येच तुकडे. कटरवाला ठरलेला होता.

अण्णाने तुटलेल्या दातांच्या जागी फिलर भरून तोच गिअर साचा म्हणून जवरप्पाच्या फाउंड्रीत नवा ओतायला दिला. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून साचा मूळ मापापेक्षा थोडा मोठा लागतो. हे दोघांनाही पाठ. अण्णाला वाटलं, ती वाढ जवरप्पा धरेल. जवरप्पाला वाटलं, एवढा जुना फिटर, त्याने वाढ धरूनच आणलं असणार. कोणी कोणाला विचारलं नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी नवा गिअर शेडमध्ये आला. बसवला, फिरवला — अर्ध्या फेरीत दात दातांवर चढून अडकला. खाली काढून जुन्या गिअरवर ठेवला. सगळीकडून बांगडीच्या जाडीएवढा कमी.

जवरप्पा कन्नडच बोलतो. म्हणाला, "अण्णा, तुम्ही वाढ धरलीच नाही?"

"तू धरशील म्हणून."

"मी कशी धरू? तुम्ही दिलं ते मी ओतलं."

"दुसरा ओत."

"कोण ओतणार? पोरं सणाला गावी गेली. भट्टी थंड आहे." त्याने गिअरच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझंही चुकलं. विचारायला पाहिजे होतं."

अण्णा उलट्या बादलीवर बसून राहिला. मी कटरवाल्याला फोन करू का विचारलं. त्याने हाताने नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैनी पूजेचं सामान घेऊन आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, गाड्या, यंत्रं सगळ्यांना कुंकू लागतं, कोहळा फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतात. रोलर हलायचा नाही. त्याखालचं लिंबू दर वर्षी वैनीच नंतर काढून टाकायची.

"तो गिअर पण ठेवा की," ती म्हणाली.

"सुम्ने, गप बस गे," अण्णा म्हणाला. "बसत नाही तो."

"अय्यो, बसल्याशिवाय पूजा नाही काय? तुम्ही तरी कुठे मापात आहात? तुम्हाला करतेच की जेवायला."

"रोलरचं श्राद्ध आहे हे."

"सणाच्या दिवशी असलं तोंड! सोडा ते, ताट द्या इकडे."

गिअर रोलरच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या भोकाजवळ ओतकामात राहिलेला एक फोड होता. वैनीने नेमकं त्यावर कुंकू लावलं. पूजेला ठेवलेलं हत्यार विजयादशमीपर्यंत हलवायचं नाही, असा आमचा शिरस्ता. म्हणून कशालाही हात न लावता कुलूप घालून निघालो. किल्ली अण्णाकडे.

विजयादशमीला आम्ही हत्यारं आवरून आणायला गेलो होतो, बाकी काही नाही. कुलूप मीच उघडलं. वैनीने हळदकुंकू वाहिलं आणि ताट उचललं. अण्णा पाने-पकडी पिशवीत भरत होता, मध्येच थांबला.

"तम्मा," धाकट्याला तो असंच म्हणतो, "एकदा बसवून बघतो."

"परवा बघितलं की, अण्णा."

"परवाचं परवा. साखळी धर."

चेन पुलीने गिअर उचलून बसवला. अण्णाने फ्लायव्हील हाताने ओढलं. अर्धी फेरी झाली. पुरी झाली. दात एकामागून एक, तेल घातल्यासारखे उतरत गेले. अण्णाने हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा आपला नव्हे," तो म्हणाला.

मी गिअर परत उतरवायला लावला. अण्णा चिडला, पण उतरवला. जुन्यावर ठेवला. कड कडेला लागत होती. नख फिरवलं तर अडकत नव्हतं. भोकाजवळचा फोड तिथेच, त्यावरचं कुंकू तसंच. हात लावला, लोखंड थंड होतं. फोटो काढायला मी मोबाइल काढला.

"बातमी नंतर लिही, रे," अण्णा म्हणाला. "आधी बाहेर तर काढू दे." गिअर परत चढवला.

इंजिन चालू झालं. लिंबू फुटलं. वैनी चप्पल न घालताच बाजूने चालत राहिली आणि "सावकाश, सावकाश" म्हणत राहिली, जसं काही कोणी वेगात चाललं होतं. मुख्य रस्त्यावर अण्णाने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ खाली उतरला नाही.

फोन केल्यावर जवरप्पा तिथे आला. वाकून फोड पाहिला. "ओतकाम माझंच," म्हणाला.

"मग वाढलं कसं?" मी विचारलं.

"लोखंड एवढं वाढायला लालभडक तापवावं लागतं. मग कुंकू राहिलं असतं काय?"

नंतर जेवढी चौकशी करता आली तेवढी केली. फाउंड्री त्या दिवसांत बंद होती. या मापाचा दुसरा गिअर आम्हाला सहा वर्षांत कुठे मिळाला नव्हता. शेडच्या पत्र्याला किंवा कुलपाला कोणी हात लावल्याची खूण नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये विजयादशमीचा फोटो आहे. आदल्या मापाचा नाही, कारण न बसणाऱ्या पार्टचा फोटो कोण काढतो... तेव्हा पुराव्यादाखल तिघांचा शब्द, एवढंच. मी डेस्कवर असतो तर ही बातमी कापली असती.

रोलर ट्रेलरवरून येलवालला, अण्णाच्या एका मित्राच्या नारळीच्या बागेत नेला. उताराच्या फळ्यांवरून खाली येईपर्यंत तो नीट चालला. काही आठवड्यांनी तो सावलीत घ्यावा म्हणून अण्णाने इंजिन चालू केलं. अर्ध्या फेरीत गिअर अडकला. उतरवून जुन्यावर ठेवला, तर सगळीकडून बांगडीच्या जाडीएवढा कमी. जवरप्पाने येऊन पट्टी लावून पाहिलं. तेच.

"याचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"राहू दे," अण्णा म्हणाला. "त्याचं काम झालं."

रोलर येलवालला उभा आहे. त्याचा कुठलाही भाग कापलेला नाही.