शकूताईंच्या माळेचा प्लग

ये, अशी जवळ बस. तिकडे दाराशी बसलीस तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि तुझ्यावर ओरडून झालंय माझं फोनवरच. नुसती पिन वाकली म्हणून चांगला टेबल-लॅम्प टाकायला काढलास? मला विचारायचंस तरी. बरं, आता ऐक.

गुडगावात नवे फ्लॅट उठत होते तेव्हाची गोष्ट. दिल्लीत, आर. के. पुरमच्या मार्केटात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. डिग्री-बिग्री काही नाही. इस्त्री, मिक्सर, रेडिओ उघडून बघत बघत शिकले. दोनदा शॉक बसला, मग नीट शिकले.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी मिलिंदचा फोन. क्वार्टरमधल्या आमच्या शेजारीण शकूताई, त्यांचा हा मुलगा. मल्टिनॅशनलमध्ये मॅनेजर झालेला. नाना, म्हणजे त्याचे वडील गेले, तेव्हा सरकारी क्वार्टर सुटलं आणि शकूताई याच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

"काकू, प्लीज या," म्हणाला. "आई म्हणते, नानांची दिव्यांची माळ लागली नाही तर या घरात गणपती बसवायचा नाही. मूर्ती घेऊन मंडळात जाईन म्हणते. माळेचा प्लगच कुठे बसत नाही."

मला न्यायला कार आली. घरात शिरले तर छतभर हॅलोजन. भर दुपारी पडदे ओढून सगळे चालू. इंटीरियर डिझायनरने सांगितलं होतं म्हणे, त्याशिवाय भिंतींचा रंग उठत नाही. टेबलावर रुमालाने झाकलेली मूर्ती, सोफ्यावर शकूताई आणि त्यांच्या मांडीवर बिस्किटाच्या डब्यात माळ. माझ्याशी हसल्या, मुलाकडे बघेनात.

मिलिंदने मला केस समजावून सांगितली, ऑफिसात सांगतात तशी. प्लग टू-पिन नाही, थ्री-पिन नाही, म्हणजे इम्पोर्टेड असणार. डिझायनर म्हणाला होता, "सर, ये तो एंटीक पीस है." नेहरू प्लेसहून एकशे दहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा आणून ठेवला होता. प्लगचं चित्र काढून सिंगापूरच्या ऑफिसला फॅक्स केला होता.

"मग, काय म्हणालं सिंगापूर?"

"काही समजत नाही काकू त्यांना. विचारतात, बाकीचा बल्ब कुठे आहे."

मी डबा हातात घेतला. पितळी टोपी, दोन बाजूंना दोन बारके कान, बुडाला शिशाचे दोन ठिपके. हसू आलं, पण शकूताईंचा चेहरा बघून गिळलं.

"मिलिंद, घरात एखादा साधा बल्ब आहे का रे?"

नव्हता. सगळे होल्डर डिझायनरने उपटून टाकले होते. म्हटलं, चल खाली. गेटवरच्या चौकीदाराच्या कोठडीत एक पिवळा बल्ब लोंबत होता. बटण बंद करून मी तो काढला, त्याच होल्डरमध्ये आमचा इम्पोर्टेड प्लग दाबून फिरवला आणि बटण टाकलं. लाल, हिरवे, पिवळे, सगळे दिवे लागले. माळ मिलिंदच्या टायवर लोंबत होती.

म्हातारा चौकीदार म्हणाला, "साहब, ये तो बल्ब की जगह लगता है. हमारे गाँव में सब के पास है."

मिलिंदने माळ उतरवून डब्यात भरली.

आता तुला सांगते. क्वार्टरमध्ये खोलीला एकच प्लग-पॉइंट, तोही कपाटामागे. मग लोक बल्ब काढायचे आणि त्याच्याच होल्डरमधून वीज घ्यायचे. मी तशी इस्त्रीसुद्धा केली आहे. तू करू नकोस.

प्लगला तडा गेला होता, म्हणून वर येऊन तो कापला. वायरची टोकं सोलली, नवा थ्री-पिन टॉप लावला. टॉप म्हणजे आपण प्लग म्हणतो तोच. माळेला वायर दोनच, तेव्हा वरची जाडी पिन रिकामी राहते. आत वायरला गाठ मारायची, म्हणजे ओढ गाठीवर येते, स्क्रूवर नाही. दहा मिनिटांचं काम. जुना प्लग शकूताईंनी पदराला पुसून घेतला.

माळ मखरावर चढवली, बटण दाबलं.

शकूताई म्हणाल्या, "लागली का?"

लागली होती. त्या हॅलोजनच्या उजेडात कुणाला दिसणार?

"हे बंद कर सगळे," मी छताकडे बोट केलं.

"काकू, उद्या आरतीला बॉस येणार आहेत. त्यांना अंधारात बसवू?"

तेव्हा शकूताई दुपारभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या. "नाना स्टुलावर चढून बल्ब काढायचे. खोलीत अंधार व्हायचा आणि तू माझा पदर धरायचास. मग माळ लागली की म्हणायचास, आता आला गणपती."

मिलिंद उठला. अकरा स्विच होते, कुठला कशाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. एकदा पंखा बंद केला, एकदा एसी. शेवटी छत विझलं. मूर्तीवरच्या रुमालावर लाल-हिरवा उजेड पडला. तो स्विचवर हात ठेवून तसाच उभा राहिला. शकूताई उठल्या आणि चौरंग पुसायला घेतला.

बॉस दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात बसले. दोनदा मोदक मागून घेतले म्हणे. ट्रान्सफॉर्मर अजून मिलिंदच्या माळ्यावर आहे.

धडा एवढाच. वस्तू कशात लावायची ते कळत नसेल तर ती आधी कशात लागत होती ते घरातल्या माणसाला विचारावं. सिंगापूरला मागाहून.

आता चहा घे. आणि पुढच्या रविवारी परत ये, लवकर ये. येताना तो लॅम्प आण.