आईला सापडलेली लेखिका

काल दुपारी आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरली. मी धावत जाऊन गॅस बंद केला, तर ती ओट्याला टेकून पुस्तक वाचत होती.

बाबा गेल्यापासून आठ महिने तिने काही मागितलं नव्हतं. भाजी कोणती आणू विचारलं, तरी "तुला हवी ती आण," एवढंच म्हणायची. ही रहस्यकथा मी माझ्यासाठी वाचनालयातून आणली होती. लेखिकेचं नाव आम्ही दोघींनीही कधी ऐकलं नव्हतं.

"तो कंपाउंडर खोटं बोलतोय बघ," आई मान वर न करता म्हणाली. "दवाखाना बंद होता, मग याने औषध दिलं कुठून?"

मी बघतच राहिले. पुढे काय होणार, हा प्रश्न दुःखात माणसाला पडेनासाच होतो बहुधा. एका अनोळखी बाईने तो आईला पुन्हा पाडला होता.

संध्याकाळी पुस्तक मिटून आई हसली. "कंपाउंडर नव्हता गं. चांगलंच फसवलं हिनं मला. अजून पुस्तकं आहेत का हिची?"

मी मागच्या पानावरची यादी पाहिली. "वीसेक तरी असतील."

"मग उद्या मीच येते वाचनालयात. तू भलतंच काहीतरी उचलून आणशील."