डावी पट्टी उशिरा उठते

बाबांचं त्यांच्या डाव्या हाताशी भांडण झालं होतं. पक्षाघाताचा झटका तसा हलका होता. बोलणं लवकर सुधारलं, चालणंही जमायला लागलं, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथंच. फिजिओथेरपीवाले भैया रोज सकाळी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी यायचे आणि दिवसभर दाबायला म्हणून एक पिवळा मऊ चेंडू बाबांच्या हातात देऊन जायचे. ते फाटकाबाहेर पडले की बाबा तो चेंडू टीव्हीच्या मागे टाकायचे. मी काय लहान मूल आहे का, असं त्यांचं म्हणणं. एकदा भैयांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हातात जीव आहे, पण बाबा तो वापरतच नाहीत, आणि हे सुरुवातीचे महिने असेच गेले तर हात कायमचा असाच राहील. मी घाबरले. घाबरले की मी चिडते, हे आमच्याकडे वडिलोपार्जित आहे.

त्या चिडचिडीतच मला पिनबॉल आठवला. मी कॉलेजात असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला. आणला माझ्यासाठी, वापरला बाबांनी. फॅक्टरीतून आले की चहा आणि पिनबॉल. विंडोज एक्सपीबरोबर फुकट यायचा तो खेळ. पडद्यावर एक तिरपं टेबल, त्यावरून गडगडत येणारा चेंडू आणि तो परत वर उडवायला तळाशी दोन पट्ट्या. डाव्या पट्टीची कळ कीबोर्डच्या डाव्या टोकाला, उजवीची उजव्या टोकाला. दोन हात लागतातच. बाबा त्यात इतके पटाईत होते की मला अभ्यासाला कॉम्प्युटर मिळायचा नाही, आणि याची तक्रार मी अजूनही करते.

तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता, पण एक्सपीची सीडी आईनं जपून ठेवली होती. आई काहीच टाकत नाही. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते, त्यामुळे एवढं मला येत होतं: लॅपटॉपच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर तयार करायचा, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात पाहिजे ती जुनी विंडोज घालायची. बाबांना हे समजावलं, तर त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली. तिथंच माझं चुकलं.

बाबा जन्मभर फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तिथला नियम असा की ड्रॉइंगमध्ये सुधारणा आली की जुन्या ड्रॉइंगवर 'रद्द' असा शिक्का बसतो, आणि त्यानंतर कोणी जुन्यावर काम केलं तर सगळा लॉट परत. मशीन बनवताना कोणती विंडोज घालणार असा प्रश्न पडद्यावर आला, खाली नावांची लांबलचक रांग उघडली, आणि मी एक्सपीकडे बोट नेलं तर बाबा म्हणाले, "रद्द झालेल्या ड्रॉइंगवर काम करून राहिली तू. काहून?"

मी सांगून पाहिलं की आपल्याला रद्द झालेलंच पाहिजे, कारण खेळ त्यातच आहे. ते म्हणाले, सुधारून आलेल्यात आधीचं सगळं असतं, वर चार गोष्टी जास्त असतात, नाहीतर त्याला सुधारणा कशाला म्हणायचं? मग सगळ्यात नवीन विंडोज घातली. दुपार गेली, लॅपटॉप तव्यासारखा तापला, आणि खेळाच्या जागी जाहिराती निघाल्या. मग बाबांच्या आग्रहानं थोडी खाली उतरून विंडोज सात घातली. त्यात बुद्धिबळ निघालं, पत्ते निघाले, पिनबॉल नव्हता. बाबांनी असं तोंड केलं जसं काही मीच तो काढून घेतला होता. शेवटी एक्सपी घातली. ती इतकी जुनी की बाहेरच्या जगात सोडणं बरं नाही, म्हणून मी तिचं इंटरनेट तोडलं. हे मात्र बाबांना आवडलं.

तो निळा पडदा, ती सुरुवातीची धून, आणि मग टेबल. बाबांचा चेहरा खुलला, आईसुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली. चेंडू सुटला. उजव्या हातानं बाबांनी तो सुरेख वर मारला, तो फिरून डावीकडून आला आणि सरळ खाली गेला. पुढचाही तसाच. डावा हात मांडीवर होता तो तिथंच.

बाबांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला की डावी पट्टी उशिरा उठते, व्हर्जन बरोबर नाही. मी निमूटपणे एक्सपीवर तिचीच शेवटची सुधारणा, सर्व्हिस पॅक तीन, चढवला, मेमरी वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला तरी होता, पण बोट दाबेपर्यंत चेंडू गेलेला. बाबा म्हणाले, पॅक दोन घालून बघ. मी तेही केलं. पट्टी उशिरा उठत नाही बाबा, हात उठत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायला उठून गेले आणि माठापाशी उभं राहून रडले.

परत आले तर आई डावीकडे खुर्ची टाकून बसलेली. बाबांनीच बसवलं होतं. ते 'आता' म्हणतील तेव्हा तिनं कळ दाबायची, अशी व्यवस्था. बाबा 'आता' म्हणायचे, आई दाबायची, चेंडू पडायचा. आई म्हणाली, तुमचं 'आता'च उशिरा येतं जी. मग तिनं स्वतःच्या हिमतीवर टपटप कळ दाबायला सुरुवात केली, चेंडू असो की नसो. बाबा चिडायला लागले. अगं थांब, म्हणाले. अच्छा, थांबले, म्हणत ती दाबतच राहिली. आणि नशीब असं की तो चेंडू काही केल्या पडेना, आकडे चढत चालले, बाबा खुर्चीच्या टोकाशी आले. चेंडू डावीकडून संथ उतरायला लागला, आईची टपटप चालूच होती.

फट् करून आवाज झाला आणि आईच्या बांगड्या वाजल्या. बाबांनी तिचा हात कळेवरून उडवला होता आणि कळ स्वतः दाबून धरली होती. चेंडू पट्टीवर येऊन थांबला. आम्ही तिघंही त्या चेंडूकडे बघत होतो. बाबांचा उजवा हात अजून उजव्या कळेवरच होता.

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं नागपूरला मावशीला फोन लावला. "यांनी मारलं न मला आज," ती हुंदके देत सांगत होती. "डाव्या हातानं मारलं."