शर्यतीनंतरची फेरी

व्हाइटफील्डला आमच्या इमारतीसमोरचा रस्ता खणलाय. आज सकाळी धूळ बसावी म्हणून टँकरने तिथे पाणी मारलं आणि ओल्या लाल मातीत मिसळलेला डिझेलचा वास वर आला. होसकोटेच्या मैदानावर शर्यतीआधी अगदी हाच वास यायचा.

माझा धाकटा भाऊ शंकर मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. टँकर पाणी मारून गेला की तो अनवाणी सगळा ट्रॅक चालून यायचा. कुठल्या वळणावर चाक घसरेल, ते म्हणे तळपायाला आधी कळतं. मग नळाखाली पाय स्वच्छ धुऊनच बूट घालायचा. मातीचा कणही आत राहिलेला त्याला चालत नसे. त्याची बायको सुमन चाकांखाली लिंबं ठेवायची आणि तो निघायचा.

एका रविवारी तो चौथा आला. आम्ही चित्रान्नाचा डबा उघडला, तर हा पुन्हा बूट काढत होता.

"आता काय बघायचंय? शर्यत संपली की," मी म्हटलं.

"स्वल्प फिरून येतो, अक्का. तुम्ही बसा जेवायला."

"हा माणूस वेळेवर जेवेल तर शपथ," सुमन म्हणाली.

आम्ही जेवलो. लांब, पहिल्या वळणावर तो हातात माती घेऊन उभा दिसत होता. मला ते त्याचं नेहमीचं खूळ वाटलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने गाडी विकली. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही फारसं विचारलं नाही.

त्या रविवारी फेरी मारून आल्यावर त्याने पाय धुतले नव्हते. तशाच मातीच्या पायांवर बूट चढवून तो घरी आला होता.