आत्याबाईंचा मऊ घास

ढेकूण मारण्यात आमच्या घराचा हात कुणी धरला नसता. उन्हाळा लागला की बाजा अंगणात निघायच्या, वाकळा उन्हात पडायच्या आणि बाजेच्या सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं जायचं. लढाईमुळं रॉकेल रेशनवर होतं. तरी कंदील एक वेळ विझला तर चालेल, ढेकणांचा वाटा राखून ठेवलेला असायचा.

मी सांगलीची, दिली इस्लामपूरजवळच्या खेड्यात. सासूबाई नव्हत्या. घर चालवायच्या त्या ह्यांच्या विधवा आत्या. बाई कडक, माझ्या भाकरीला नावं ठेवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. पण माझ्या मुलावर त्यांचा जीव होता. त्या वर्षी दिवाळी झाली तरी त्यांचा खोकला हटेना, म्हणून ह्यांनी त्यांना मिरजेला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी थुंकी तपासून सांगितलं, क्षयाचे जंतू आहेत. जंतू म्हणजे काय, असं ह्यांनी विचारलं. "बारीक किडेच समजा, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत," असं सांगून डॉक्टर पुढच्या रोग्याकडं वळले. ताट-तांब्या वेगळा ठेवा, थुंकी जाळा, एवढं बजावलं होतं.

किडे म्हटल्यावर मी पदर खोचला. त्यांच्या वाकळा उकळल्या, खोलीत कडुनिंबाचा धूर केला, भिंती सारवल्या. ताट वेगळं, तांब्या वेगळा, थुंकायला राखेचं मडकं वेगळं. ढेकूण चालत येतो, माशी उडत येते. ह्या जंतूंचीही काही वाट असेलच, ती आपण अडवली, असं मला वाटत होतं. आत्याबाई खोकत होत्या आणि मी निर्धास्त होते.

बाळाला अजून दाढा नव्हत्या. आत्याबाई त्याला मांडीवर घ्यायच्या, भाकरीचा तुकडा आपल्या तोंडात घोळवून मऊ करायच्या आणि त्याच्या तोंडात घालायच्या. आमच्याकडं सगळी लेकरं अशीच वाढली होती. मोठ्यांचं उष्टं लेकराला लागत नाही, उलट अंगी लागतं, असं म्हणायचे. ताट वेगळं करणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही मनात त्या घासाविषयी शंका आली नाही.

पुढच्या खेपेला मीही बाळाला घेऊन मिरजेला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. बाळ भुकेनं रडायला लागलं, तशी आत्याबाईंनी फडक्यातली भाकरी सोडली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी पाहिलं आणि धावत येऊन बाळाच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला.

"कधीपासून देताय?"

"पयल्यापास्नं," आत्याबाई गोंधळून म्हणाल्या. "आवं, दाढा न्हाईत त्याला. चावून कोन देनार?"

"अहो, जंतूंना पाय नसतात, पंख नसतात," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "आपणच त्यांना पोचवतो. खोकल्यातून, थुंकीतून, अशा घासातून."

मग त्यांनी बाळाच्या पाठीला नळी लावली. किती तरी वेळ ते ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

थंडी सरता सरता बाळाला ताप भरला. मग मान ताठली, नजर फिरली. शेवटी शेवटी ते मलाही ओळखत नव्हतं. त्या वेळी ह्या दुखण्यावर आमच्या आवाक्यात औषध नव्हतं. शिमग्याच्या आधी ते गेलं.

आत्याबाई मात्र जगल्या. खोकत, झिजत, पण बरीच वर्षं जगल्या. पुढं मला मुलगी झाली. ती रांगत रांगत त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जायची, तेव्हा त्या तोंडावर पदर दाबून काठी आपटायच्या. "जा गं बाई, आईकडं जा," म्हणायच्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. मला ते दिसायचं. दया यायची नाही. मुलगी उंबऱ्यापासून किती लांब आहे, तेवढंच मी बघायचे.