बस थांबवणारा नवरा

रोज सकाळी सहाला मी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर उभा राहायचो, आणि मला जायचं कुठंच नसायचं. जायचं असायचं बायकोला, पहाडगंजकडच्या एका शाळेत. पण बायकांना बस फुकट झाल्यापासून स्टॉपवर नुसत्या बायका दिसल्या की काही ड्रायव्हर गाडी दामटतात. पुरुष दिसला की थांबतात. म्हणून मी हात करायचो, ती चढायची आणि मी घरी यायचो. एकदा कंडक्टर खेकसला, "अंकलजी, चढना नहीं है तो हाथ क्यों देते हो?" म्हटलं, "शौक है!"

मेट्रोचे जिने आणि गाडी बदलणं तिच्या गुडघ्यांना झेपेना. त्यात नोकरी कंत्राटी. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तरी पहिलीचा वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुम्हाला घरी बसवू. त्या वर्गावर तिचा भारी जीव.

तेवढ्यात निवडणूक आली. ऑफिसात माझं काम टेंडरांचा तुलनात्मक तक्ता करायचं. एका रविवारी पेटून उठलो आणि तीन पक्षांच्या जाहीरनाम्यांचाच तक्ता मांडला. एकाचा प्रवास फुकट, दुसऱ्याचा विद्यार्थ्यांनाही फुकट, तिसऱ्याची तर मेट्रो थेट तुमच्या कॉलनीत! 'पैसा कुठून आणणार' हा रकाना तिघांचाही कोरा. असलं टेंडर आमच्याकडे आलं असतं तर मी तोंडावर फेकलं असतं. नुसती बोलाचीच कढी!

बायको कोथिंबीर निवडता निवडता डोकावली. "अच्छा, आणि बस स्टॉपवर थांबेल, असं कुणी लिहिलंय?"

"असलं कुणी जाहीरनाम्यात लिहितं का?" मी वसकन ओरडलो. रात्री तिघांचीही पानं पुन्हा चाळली. कुणीच लिहिलं नव्हतं. तसं तिला सांगायची मात्र मला लाज वाटली.

मग मला इलेक्शन ड्यूटीचा कागद आला. ट्रेनिंग लांब, पहाटेच निघायचं. म्हटलं, "शेजारच्यांना उभं राहायला सांग." ती म्हणाली, "परक्या माणसाला काय सांगू, माझ्यासाठी बस थांबवा?"

संध्याकाळी परतलो तर ती बाहेर जायच्या साडीतच पलंगावर बसलेली. दोन बसेस समोरून रिकाम्या गेल्या होत्या. तिसरीनं पोचेपर्यंत प्रार्थना होऊन गेली होती आणि वर्गात दुसऱ्या बाई उभ्या होत्या. "वेड्यासारखी हात करत राहिले हो," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, तिन्ही पक्षांना घातल्या, स्वतःलाही घातल्या. उपयोग काय त्याचा!

मतदानाच्या दिवशी मी दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली. घरी आलो तर तिचं बोट कोरडं.

"गेली नाहीस?"

"कुणाचीही बस धावू दे आता," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"