मुन्नीची सही

“साडी वर कर,” डॉक्टर म्हणाला.

‘कर’ म्हणाला. ‘करा’ नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, आणि त्या तपासणीसाठी बारा माणसं गोळा करून आणणारी मीच होते. सकाळी त्याला चहासुद्धा मीच नेऊन दिला होता.

खोली उमरखेडच्या एका मंगल कार्यालयातली. दारावर ‘वधूपक्ष’ अशी पाटी. ती पाटी बघून सकाळी आम्ही पोट धरून हसलो होतो. नवरदेव नाही तर नाही, खोली तरी मिळाली. आत एक टेबल आणि पडदा. पडद्याच्या आत, डॉक्टरच्या मागे, चार शिकाऊ पोरं वह्या घेऊन उभी. ती असणार आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी साडी वर केली. डॉक्टरने हातमोज्यातलं बोट रोखून पोरांना सांगितलं, “हे बघा. हे हॉस्पिटलात झालेलं नाही. ह्यांच्यात ह्यांचेच लोक कापतात.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “दुखलं नाही का रे?” एक पोरगा खाली मान घालून उभा होता. एकाला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्याने मोबाइल काढला.

“सर, एक फोटो घेऊ? चेहरा नाही घेत.”

“घे,” डॉक्टर म्हणाला.

मला कोणी विचारलं नाही. मी ओरडू शकले असते. दोन टाळ्या हाणल्या असत्या तरी सगळं कार्यालय गोळा झालं असतं, ती विद्या आमच्याकडे आहे. पण बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माझी बारा माणसं बसली होती. मी आवाज केला असता तर ती पळाली असती आणि त्यांच्यामागे माझी नोकरीही गेली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी साडी सारखी केली, डोळे पुसले आणि बाहेर आले.

पहिल्याच खुर्चीवर मुन्नी बसली होती. तिने विचारलं, “कैसा है अंदर?”

“काही नाही होत व. जाय,” मी म्हणाले.

ही माझी चूक. बाकीच्यांच्या चुका पुढे सांगणारच आहे, पण ही आधी लिहून ठेवते.

मुन्नी हे तिचं आमच्यातलं नावही नाही. ते मी बदललंय. गाव ढाणकीच्या पट्ट्यातलं, एवढंच सांगेन. घरी ती मुलगा होती. थोरल्या भावाच्या टेलरिंगच्या दुकानात मशीनवर बसायची. तिने शिवलेलं ब्लाउज दोन-तीन गावच्या नवऱ्या मागायच्या. आठवड्यातून एकदा माझ्या खोलीवर यायची, साडी नेसायची, माझ्या आरशासमोर दोन तास नुसती हसायची आणि पँट-शर्ट घालून एसटीने परत जायची. भावाला कळलं तर तो मला जिता ठेवणार नाही, असं ती म्हणायची. तेही हसत म्हणायची, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं होतं.

मी एका संस्थेत कामाला होते. आपल्यासारख्यांना शोधायचं, निरोध वाटायचे, तपासणीला न्यायचं. माझा बाप शेतमजूर, आम्ही बौद्ध. बापाने मला विहाराच्या ओट्यावर बसवून अक्षरं गिरवून घेतली होती. मी साडी नेसायला लागले तसं त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, पण अक्षरं काही परत मागितली नाहीत. मी बारावी पास झाले. म्हणूनच शहरातून अभ्यास घेऊन आलेल्या मॅडमना मी पसंत पडले. आमच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास होता. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही समाजातल्याच आहात, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात.” मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ‘तुम्ही’ म्हणून खुर्ची दिली होती.

तपासणीच्या आधी सगळ्यांना संमतीचा फॉर्म वाचून दाखवायचा होता. तो मी वाचला. चार पानं, बारीक अक्षरं. तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल. तुमचं नाव कुठेही येणार नाही. मुन्नीने मला मध्येच थांबवलं होतं.

“घर पे तो नै आएंगे ना ये लोग?”

“नाही येत. मी हाव ना इथं.”

“तू बोल रई तो करती मै सही.”

आणि तिने सही केली. शाळेत शिकलेली, वळणदार सही, घरचं नाव.

मुन्नी सही करायला तयार झाली ती अभ्यासासाठी नाही. दोन महिने तिला लघवीला आग होत होती, कधी रक्त जायचं. गावातला डॉक्टर भावाच्या उठण्याबसण्यातला, त्याच्याकडे जाणार कशी? इथे डॉक्टर आयता येतोय, कोणाला कळणार नाही, म्हणून आली. आत तिला दोनशेच्या वर प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी, कोणाबरोबर, किती जणांबरोबर, निरोध होता का. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. रक्त दिलं. मग तिने आपलं दुखणं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “हे संशोधन आहे, दवाखाना नाही. तुम्ही सरकारी दवाखान्यात दाखवा.”

ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. “सब पूछा, और दवाई नै दी,” एवढंच म्हणाली. मी तिला म्हणाले, रिपोर्ट येऊ दे, मी बघते. माझ्या हातात काय होतं बघायला? रिपोर्ट नंबरावर होता आणि नंबर त्यांच्या कॉम्प्युटरात होता.

आता आमच्यातली एक रीत सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. बाजारात आपली माणसं दिसली तर आधी ओळख द्यायची नाही. दिवसभर माझ्या खोलीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी बाजारात भावाबरोबर दिसली, तर मी तिच्याकडे परक्यासारखी बघून पुढे जाते. तिने मान हलवली तरच बोलायचं. आणि आमच्यातलं नाव चारचौघांत तोंडातून काढायचं नाही. ही रीत कुठे लिहिलेली नाही. आमच्यातल्या नव्या पोरीला सगळ्यात आधी हीच शिकवतात. तिच्यावर आमचे जीव चालतात.

मॅडमच्या टीममध्ये एक तरुण मुलगी होती. फार गुणी मुलगी. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्या सगळ्या टीममध्ये एकट्या तिने आम्हाला विचारलं होतं, “तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?” तिला तसं प्रशिक्षणच दिलं होतं, माणसाने स्वतः निवडलेलं नाव घ्यायचं, आदराने घ्यायचं. मुन्नी तिच्यावर खूश होती. ती ‘मुन्नीताई’ म्हणायची.

सहा महिन्यांनी दुसरी तपासणी होती. लग्नसराई होती, मुन्नीला दुकानातून निघता येईना. तिने फोन उचलले नाहीत. मी त्या दिवशी संस्थेच्या बैठकीला यवतमाळला गेलते. मला न विचारता ती मुलगी गाडी घेऊन गावात गेली. दिवस आठवडी बाजाराचा. दुकानात भाऊ, दोन गिऱ्हाइकं, मशीनवर मुन्नी. मुलीने पायरीवरूनच हाक मारली, “मुन्नीताई, तुमची तपासणी राहिली ना!”

मुन्नीने रीत पाळली. मान वर करून म्हणाली, “कौन? मै नै पहचानता आपको.”

मुलीला वाटलं, विसरली असेल. हे लोक घाबरतात, समजावून सांगितलं पाहिजे, हेही तिला शिकवलेलं होतं. तिने फाइल उघडली आणि सहीचा कागद काढून दाखवला. “ही तुमचीच सही आहे ना? घाबरू नका, सगळं गुप्त आहे.”

भावाने तो कागद तिच्या हातातून घेतला. सही ओळखीची होती. वर अभ्यासाचं नाव छापलेलं होतं, त्यात ‘तृतीयपंथी’ हा शब्द मोठ्या अक्षरात, शुद्ध मराठीत.

हे सगळं मला त्या मुलीनेच फोनवर रडत सांगितलं. “ताई, मी आदरानेच बोलले हो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला काय बोलू? आदराने मारलं काय आणि काठीने मारलं काय.

संध्याकाळच्या आत मुन्नीला घराबाहेर काढलं. बाजार भरलेला असताना, चौकातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. कोणीकोणी मोबाइलवर घेतलं. मी एसटीत होते. मला तिचा एकच फोन आला. मागे हॉर्न वाजत होते, ती कुठल्या तरी स्टँडवर असावी.

“तू बोली थी घर पे नै आएंगे.”

मी म्हणाले, “कुठं हाय तू? मी येतो लगेच. सांग मले.”

“मेरेको ढूँढना मत,” ती म्हणाली आणि फोन बंद केला. तो अजून बंद आहे. मी नांदेडला जाऊन आले, आमच्या हैदराबादच्या गुरूंकडे निरोप पाठवले, कोणालाच माहीत नाही. आजारी बाई, हातात काही नाही. मी कुठे शोधू?

आठ दिवसांनी मॅडम आल्या. मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी मागवलं. खूप वाईट झालं म्हणाल्या. मग फॉर्मचं तिसरं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘पुरेशी काळजी घेऊनही आपली ओळख उघड होण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.’

“हे त्यांना वाचून दाखवलं होतं ना?”

“दाखवलं होतं.”

“तुम्हीच ना?”

“मीच.”

मॅडमनी मान हलवली. मी बाराही जणांना ती ओळ वाचून दाखवली होती, स्पष्ट, न अडखळता. बापाने शिकवलेल्या अक्षरांचा असा उपयोग झाला. मी विचारलं, तुम्ही आता मुन्नीला शोधणार का. त्या म्हणाल्या, तसा निधी नाही. टेबलावर त्यांची यादी उघडी होती. मुन्नीच्या नंबरापुढे लिहिलं होतं, ‘स्वेच्छेने अभ्यासातून बाहेर.’ शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी ती ओळ दोनदा वाचली. तेव्हाही बोलले नाही. उठून आले आणि संस्थेच्या जिन्यात बसून राहिले.

त्यानंतरच्या महिन्यात एका दुपारी माझ्या दारात बुरख्यातली एक बाई उभी राहिली. एसटीने, पत्ता विचारत विचारत आली होती. मुन्नीची आई. मी दार लावून घेणार होते, वाटलं शिव्या द्यायला आली. ती खाली बसली, पाणी प्यायली.

“फारम पढनेवाली तू ही है क्या?”

“हाव, अम्मी.”

“मेरे बच्चे को बीमारी क्या है?” तिने विचारलं. “रात-रात को पेट पकड़ के बैठता था. मै बोली, गरमी होगी. उन लोगां ने खून लिए ना? उसमें क्या निकला, इतना बता दे. कहीं से फोन आया तो मै दवाई तो बोल सकूँगी उसको.”

मी तिच्यासमोरच ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर टाकला. तिकडच्या माणसाने नंबर विचारला, थांबवलं आणि मग म्हणाला, “रिपोर्ट आहे. पण तो गोपनीय असतो. फक्त सहभागी व्यक्तीलाच देता येतो.”

“तिची आई बसून हाय इथं,” मी म्हणाले. “लेकरू सापडून नाही राह्यलं. तुमी काहून असं करता?”

“ताई, नियम आहे.”

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. बाजारात भर चौकात उघडी केलेली गोष्ट आता हे लोक तिच्या आईपासून लपवत होते. मी फोन ठेवला आणि त्या बाईला म्हणाले, सांगत नाहीत. ती उठली, बुरखा सारखा केला. “तेरेको पढना आता, तो भी नै बोलते?” असं तिने विचारलं आणि गेली. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले नाही. बाजारातून माझ्याबरोबर चालली असती तर तिलाही लोकांनी ओळखलं असतं.

त्या दिवशी मी फार रडले. मुन्नीसाठी रडले, आणि माझ्यासाठीही. त्या खोलीत मी गप्प बसले, मॅडमपुढे गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याला सगळे ‘समाजाचा विश्वास’ म्हणत होते.

आता दुसरा अभ्यास येतोय. मागच्याच्या निष्कर्षांवर नवा. मॅडमचा फोन आला, या वेळी झरी जामणीपर्यंत जायचं आहे, जास्त माणसं हवी आहेत, तुमच्याशिवाय होणार नाही. मी म्हणाले, “नाही.” त्यांना वाटलं मी अजून दुःखात आहे. मी सांगितलं, दुःखात आहेच, आणि तरी नाही म्हणतेय. दोन दिवसांनी संस्थेने मला कामावरून काढलं. पुसदची दुसरी कोणीतरी त्यांना मिळाली, असं ऐकते. मिळणारच. गरज कोणाला नाही?

पण त्या पुसदच्या पोरीला मी भेटून आले. तिला सगळं सांगितलं, वधूपक्षाच्या खोलीपासून. राहिलेल्या अकरा जणींना सांगितलं, त्यांच्या मैत्रिणींना सांगितलं. फोनवर, आमच्या नेहमीच्या जागी, आमच्या रीतीने. कोणी म्हणालं, “कायले त्यांच्या नादी लागते व, मोठे लोक हायेत.” मी म्हणाले, मोठे असू दे.

मॅडमना मी कागद पाठवलाय. माझ्या अक्षरात, माझ्या नावाने. आधी औषध, मग प्रश्न. तपासताना खोलीत आमचं माणूस हजर पाहिजे, आणि शिकाऊ पोरं नकोत. ज्याचं रक्त घेतलं त्याचा रिपोर्ट त्याच दिवशी त्याच्या हातात. गावात तुमची गाडी नको. आणि पहिलं काम, मुन्नीला शोधा. यातलं एक जरी नसेल तर उमरखेडपासून झरीपर्यंत तुमच्या खुर्च्या रिकाम्या राहतील. त्या रिकाम्या ठेवायचं काम माझं. ते मी बिनपगारी करते, रोज करते, आणि मरेपर्यंत करणार.